फाळके शिकले नव्हते, असे कोण म्हणते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिग्दर्शक होऊ पाहणाऱ्याने चित्रपटाच्या शाळेत जावे की थेट कॅमेरा हाती घ्यावा, हा वाद नाशिकमध्ये निघाला की दादासाहेब फाळके यांचे नाव आल्यावाचून राहत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके कोणत्या इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते, असे विचारून मुले पालकांना निरुत्तर करतात. वस्तुतः हा दाखला मुलांवरच उलटतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण व छपाईत मुरलेले फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले, तेथे ब्रिटिश चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम त्यांनी पाहून घेतले आणि त्यानंतरच, १९१३ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. देशात चित्रपटाची शाळाच नव्हती, म्हणून त्यांनी समुद्र ओलांडला.

महाविद्यालयीन लघुपट स्पर्धांचे परीक्षण करताना मला ध्वनीची हेळसांड हटकून आढळते. गोदाघाटावर मोबाइलने टिपलेले दृश्य देखणे असते. परंतु संवाद सुरू होताच वारा माइकवर आपटू लागतो, आणि दोन शॉट जोडले की मागे वाजणारी देवळातील घंटा मध्येच तुटते. मग हे सारे झाकण्यासाठी शेवटपर्यंत बासरी वाजत राहते! चित्रीकरण आटोपल्यावर सर्वांनी गप्प राहून त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर मुद्रित करून ठेवायचा असतो, तो संकलनात सांधे बुजवायला लागतो, हे त्या मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. यूट्यूबवर ही माहिती मिळते, हे मान्य. पण आपल्याला काय ठाऊक नाही हे ज्याला उमगलेले नाही, तो ती शोधणार कशी? १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी या शाखांचे विद्यार्थी मिळून चित्रपट करतात, आणि ‘तुझा शॉट जुळत नाही’ असे तोंडावर सांगणारा संकलक तेथे वर्गमित्रच असतो. माझ्या मते खरी मिळकत ती आहे. पदविकेचा कागद पाहून कोणी चित्रपट देत नाही.

दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी अशा शाळेत न जाता ‘कोर्ट’ हा चित्रपट केला, हेही खरे. २०२४ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाचा ग्रां प्री पुरस्कार मिळवणाऱ्या दिग्दर्शिका पायल कपाडिया मात्र एफटीआयआयच्याच. तेव्हा नावे मोजून हा प्रश्न सुटणार नाही. पुणे किंवा कोलकात्याच्या सरकारी संस्थेत प्रवेश मिळत असेल, तर तो सोडू नये, असे मी निःशंकपणे म्हणेन. तेथील जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण. म्हणून निराश झालेले पालक जमिनीचा तुकडा विकून एखाद्या खासगी संस्थेचे भरमसाट शुल्क भरायला निघतात, त्यांनी मात्र थांबावे. मागच्या तुकडीने केलेले लघुपट आधी पाहायला मागावेत आणि प्रत्येकाला स्वतःचे किती चित्रपट करायला मिळतात, ते लेखी घ्यावे. एवढ्यावरही आढेवेढे घेतले गेले, तर तेच पैसे राखून मुलाने एखाद्या दिग्दर्शकाकडे सहायक म्हणून उमेदवारी करावी.

एफटीआयआय अन्य शहरांतही अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेत आली आहे. महापालिकेने पुढाकार घेऊन ध्वनी आणि संकलनाचे असे वर्ग पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात भरवावेत, आणि शुल्क महाविद्यालयीन मुलांना परवडेल असे ठेवावे, ही विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक