शांतता समितीला वर्षभर काम द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीचे दिवस जवळ आले की पोलीस ठाण्यांतून शांतता समितीच्या बैठका भरू लागतात. अशाच एका बैठकीला मी नुकताच हजर होतो. पुढच्या रांगेत पक्षांचे व मंडळांचे पदाधिकारी, मागे आमच्यासारखे दोनचार ज्येष्ठ नागरिक. पुष्पगुच्छ झाले, 'सर्वांनी सहकार्य करावे' झाले, चहा झाला, छायाचित्र झाले आणि पाऊण तासात मंडळी पांगली. ज्या गल्लीतून मिरवणूक जाताना दरवर्षी कुरबुर होते, त्या गल्लीतले एकही माणूस तेथे नव्हते. बाहेर पडताना शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आता कशानेच काही होणार नाही, लोकांची मनेच फाटली आहेत." रोजच्या युद्धाच्या बातम्यांनी आणि मोबाइलवर येणाऱ्या विखारी संदेशांवरून सख्ख्या भावंडांत होणाऱ्या भांडणांनी माणसे खरोखरच थकली आहेत, मीही थकलो आहे. तरीही त्या गृहस्थांचे म्हणणे मला पटले नाही, आणि त्याचे कारण भिवंडी आहे.

माझी नोकरीची बरीच वर्षे भिवंडीत, यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. कोकणी मुसलमान, उत्तरेकडून आलेले अन्सारी, तेलुगू पद्मशाली, आसपासच्या गावांतले आगरी अशी अनेकांची वस्ती असलेले हे गाव एकेकाळी दंगलींसाठीच ओळखले जाई. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून उसळलेल्या दंगलीची झळ जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे 1984 मध्ये पुन्हा तेच झाले आणि या वेळी आग ठाणे व मुंबईपर्यंत गेली. संचारबंदी लागली की माग थांबतात आणि माग थांबले की त्या दिवसाची मजुरी बुडते. हा हिशेब दोन्हीकडच्या घरांत एकच होता, पण तो एकत्र बसून मांडण्याची जागा गावात नव्हती.

ती जागा 1988 नंतर तयार झाली. सुरेश खोपडे तेव्हा भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले होते. आधीची दंगल का झाली आणि कशी पसरली, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि शहरभर सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे त्यांत बरोबरीने असत. नेत्यांना मिरवायला तेथे वाव नव्हता. विणकर, फेरीवाले, दुकानदार आणि घरी कांड्या भरणाऱ्या बायका अशी रोजच्या व्यवहारातली माणसे समितीवर होती, आणि त्यांच्यासोबत त्या भागाचा पोलीस अधिकारी व शिपाई बसत. मी पाहिलेल्या बैठकांत 'राष्ट्रीय एकात्मता' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. कोणाच्या मोरीचे पाणी कोणाच्या दारात येते, नळावर कोण पुढे घुसते, परीक्षेच्या दिवसांत भोंगा किती वाजेपर्यंत लावायचा, एवढ्यावरच तासन्तास वाद चाले. (एका तुंबलेल्या गटाराने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या, हेही नमूद करतो.) पण त्या गटारावरून भांडता भांडता लोकांना एकमेकांची नावे, घरे आणि स्वभाव कळत गेले. पोलीस चौकीची पायरी चढायला घाबरणाऱ्या बायका शिपायाला नावाने हाक मारून जाब विचारू लागल्या.

6 डिसेंबर 1992 नंतर मुंबईत काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार डिसेंबर आणि जानेवारीत मिळून 900 माणसे मेली. मुंबईहून तासाभरावर (आजच्या वाहतुकीत दोन तासांवर) असलेली आणि सर्वांच्या मते सर्वांत आधी पेटायला हवी असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. त्या दिवसांत आमच्या वस्तीत एक अफवा आली, तेव्हा समितीतले दोघे, एक इकडचा आणि एक तिकडचा, एकाच स्कूटरवर बसून जागेवर गेले, खात्री करून आले आणि चौकात उभे राहून दोघांनी तेच सांगितले. ते दोघे काही जिवाभावाचे मित्र नव्हते. पाण्याच्या वेळेवरून त्यांचे पूर्वी कडाक्याचे वाजलेले होते, आणि कदाचित म्हणूनच दुसरा खोटे बोलणार नाही याची प्रत्येकाला खात्री होती.

आशा आणि करुणा हे शब्द आपण फार वर, मनाच्या गाभाऱ्यात नेऊन ठेवतो आणि मग त्या आपल्यात उरलेल्या नाहीत म्हणून हळहळतो. भारतातील दंगलींचा अभ्यास करणारे आशुतोष वार्ष्णेय यांनीही दाखवले आहे की मोठ्या शहरांत नुसता शेजारधर्म, सणाला शिरखुर्मा आणि फराळ यांची देवाणघेवाण, ताणाच्या काळात पुरी पडत नाही. दोन्ही समाजांची माणसे ज्यांत एकत्र काम करतात, अशा संघटना आणि समित्या असतील तरच शहर सावरते. माझा अनुभवही तोच आहे. भिवंडीकरांची मने 1984 मध्ये वाईट आणि 1992 मध्ये चांगली झाली, असे काही घडले नव्हते.

हा उपाय एकदा करून कायमचा पुरत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून याच भिवंडीत हिंसाचार उसळला, गोळीबारात माणसे दगावली आणि दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार मारले. ज्या गावाचे मी इतके कौतुक करतो, त्या गावाची ही आठवण माझ्यासाठी सर्वांत लाजिरवाणी आहे. पण मागाला तेल देणे थांबवल्यावर तो अडला, म्हणून तेलाला कोणी दोष देत नाही.

म्हणून पोलीस प्रशासनाला आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे की शांतता समितीची बैठक सणाच्या आदल्या आठवड्यात न घेता दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, ठाण्याबाहेर, वस्तीतल्या एखाद्या शाळेत घ्यावी. पक्षांच्या पदाधिकाऱ्यांना त्यातून वगळावे. निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात, कारण नळ, गटार आणि मुलांची भांडणे त्यांच्याच वाट्याला येतात. बैठकीत आलेली तक्रार वहीत लिहावी, आणि तिचे काय झाले हे पुढच्या बैठकीत आधी वाचून दाखवावे; माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे हेच आहे, कारण लोक दुसऱ्यांदा येतात ते याचसाठी. आमच्या भागात अशी बैठक सुरू होणार असेल, तर शाळेची खोली मिळवून देण्याचे आणि ती वही लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. अक्षर अजून चांगले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कल्याण