बाबा, त्या फायली खराब झालेल्या नाहीत, उडवू नका

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत, झोप होते, बाकी रोजचं फोनवर होतंच त्यामुळे ते परत लिहीत नाही. हे मुद्दाम टाईप करायला बसले कारण काल बाबा फोनवर जाता जाता म्हणाले की "जुन्या टॅबमधल्या पन्नासेक फायली खराब झाल्यात, नुसतं इंग्रजी कायतरी दिसतं, त्या उडवतो म्हणजे नव्यात कचरा नको" आणि तेवढ्यात रेंज गेली, आणि माझा जीव वरखाली झाला. बाबा, प्लीज एकही फाईल उडवू नका. त्या खराब नाहीत. त्यात तुम्ही आजोबांवर लिहिलेलं सगळं आहे.

आधी हे सांगते म्हणजे गैरसमज नको, नवा टॅब मी उगाच हौसेपोटी घ्यायला लावला नाही. जुन्याला कंपनीकडून अपडेट येणं कधीच बंद झालंय, बँकेचं ॲप त्यावर चालत नाही, जागा भरलीये, आणि तो एक दिवस चालू झालाच नाही तर आत जे आहे ते बाहेर काढणं फार अवघड होऊन बसेल. आज तो चालू आहे तोवर काढून घेणं सोपं आहे एवढंच. आणि "काढून घेणं" म्हणजे कॉपी करणं, तिथून काही हलत नाही, जुन्यातलं जुन्यात राहतंच. आईला वाटतंय तसं मधल्या मध्ये काही गायब होत नाही, पण अट एकच, कॉपी निवडायचं, कट किंवा मूव्ह नाही.

तर त्या फायली. बाबा, तुम्ही ते सगळं श्रीलिपीत, म्हणजे मराठी टाईप करायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, टाईप केलंय, काही ऑफिसात आणि काही त्या डीटीपीवाल्या काकांकडून करून घेतलंय. त्या काळच्या मराठी फॉन्टची गंमत अशी होती की कंप्युटरला मराठी कळतच नव्हतं. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच नंबर साठवले जायचे आणि फॉन्ट त्या नंबरच्या जागी क, ख, काना, वेलांटी काढून दाखवायचा. फॉन्ट असला की सुंदर मराठी, फॉन्ट नसला की आतलं इंग्रजी, कंस, टक्क्याची चिन्हं असलं सगळं उघडं पडतं. टॅबमध्ये तो फॉन्ट नाही, एवढंच झालंय, मजकूर एक अक्षर न हरवता तिथेच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना जगभर एकच नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःचे वेगळे नंबर १९९१ पासून आहेत, पण आपल्याकडे छापखान्यात आणि ऑफिसात जुने फॉन्टच वर्षानुवर्षं चालू राहिले, त्यामुळे हा प्रश्न फक्त तुमचा नाही, तेव्हा मराठीत टाईप केलेल्या कितीतरी लोकांच्या फायलींचं हेच झालंय आणि मला वाटतं बऱ्याच जणांनी खराब झाली म्हणून टाकूनही दिल्या असतील. ते मनात आलं की कसंतरीच होतं.

तुमच्या काही लेखांच्या पीडीएफ आहेत त्या नीट दिसतात कारण पीडीएफ करताना फॉन्ट आतच बांधला गेलाय. पण आई मागे म्हणाली होती ना की पीडीएफमध्ये "आजोबा" शोधलं तर काहीच सापडत नाही, त्याचंही कारण हेच, डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आहेत, मग शोधणार कसं. आणि ज्यांच्या पीडीएफ नाहीत त्या लेखांची ती "खराब" वर्डची फाईल हीच एकमेव डिजिटल प्रत आहे. म्हणून एवढं ओरडून सांगतेय.

आता करायचं एवढंच की ती फाईल वर्डमध्ये उघडा, मजकुरावर बोट ठेवा, वर फॉन्टचं नाव दिसेल, ते मला जसंच्या तसं कळवा, शक्यतो स्क्रीनशॉटच पाठवा. प्रत्येक कंपनीने नंबर आपापल्या पद्धतीने लावले होते त्यामुळे नाव अचूक कळल्याशिवाय कन्व्हर्टर भलतंच काहीतरी काढतो. मी इथून युनिकोडमध्ये करून देईन. रफार सरकतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात, ते हाताने सुधारावं लागतं. त्याचं मी ठरवलंय, रोज रात्री तुमच्या वेळेला फोनवर बाबांनी छापील पान वाचायचं आणि मी इथे दुरुस्त करायचं. एक पान तर एक पान. मला कंटाळा येणार नाही, उलट मला हवंय ते. आजोबांचं किती तरी मला माहीतच नाहीये. आणि मूळ फायलीसुद्धा ठेवायच्या, युनिकोड झालं तरी.

आईची पुस्तकं वेगळी गोष्ट आहे. किंडल ॲपमधली विकत घेतलेली पुस्तकं कॉपी करायच्या भानगडीत पडू नका, नव्या टॅबवर ॲप टाकून तोच ईमेल, तोच पासवर्ड, की पुस्तकं आपोआप येतात आणि आई तू पिवळ्या केलेल्या ओळीसुद्धा येतात. फक्त त्याआधी जुन्या टॅबवर नेट चालू ठेवून ॲप एकदा उघडून सिंक होऊ दे. तू विचारलंस की "विकत घेतलंय तर फाईल आपल्याकडे का नको", बरोबर आहे तुझं, पण ते विकत घेणं म्हणजे वाचायचा परवाना असतो. पूर्वी त्यांच्या साइटवरून पुस्तक कंप्युटरवर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकता यायचं, ती सोय २६ फेब्रुवारी २०२५ ला बंद केली. मायक्रोसॉफ्टने तर २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि लोकांनी घेतलेली पुस्तकं गेली, पैसे परत दिले ते खरं, पण पुस्तक गेलं ते गेलंच. म्हणून मला तुझ्या विकतच्या पुस्तकांपेक्षा तुमच्या स्वतःच्या फायलींची जास्त काळजी आहे आणि त्या आपल्या हातात आहेत तर नीट सांभाळू.

ज्या पीडीएफवर तू दुसऱ्या वाचायच्या ॲपमध्ये बोटाने खुणा केल्यास आणि टिपा लिहिल्यास त्यात एक धोका आहे. काही ॲप त्या खुणा पीडीएफच्या आत लिहीत नाहीत, स्वतःकडे वेगळ्या ठेवतात, मग फाईल कॉपी केली तर नव्यावर कोरी उघडते. ओळखायचं कसं, तर एक खुणांची फाईल स्वतःलाच मेल कर आणि दुसऱ्या फोनवर उघडून बघ. खुणा दिसल्या तर उत्तम. नाही दिसल्या तर ॲपच्या मेनूत एक्स्पोर्ट किंवा खुणांसकट सेव्ह असं काहीतरी असतं, ते एकेका फाईलला करावं लागेल. वेळखाऊ आहे, माहितीये, पण तुझ्या त्या समासातल्या टिपा परत कोण लिहिणार.

मोबी नावाच्या ज्या ई-पुस्तकांच्या जुन्या फायली आहेत त्या आता बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, किंडलला पाठवायलाही मोबी आता चालत नाही, ईपब हा प्रकार चालतो. त्या आत्याच्या मुलाला सांगा, कंप्युटरवर कॅलिबर टाकून बदलून देईल, फुकट आहे, कोविद गोयल नावाच्या भारतीय माणसाने २००६ मध्ये सुरू केलेलं आणि अजूनही चालू आहे, अगदी विश्वासाचं.

आणि आत्याचा मुलगा म्हणाला ना की मेमरी कार्ड काढून नव्यात घातलं की झालं, त्याला थांबवा. ते कार्ड जर जुन्या टॅबमध्ये इंटर्नल स्टोरेज म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर ते एन्क्रिप्टेड असतं, फक्त त्याच टॅबला वाचता येतं, नव्यात घातलं की "फॉरमॅट करू का" असं विचारेल आणि सवयीने ओके दाबलं की संपलं. सेटिंगमध्ये स्टोरेजला जाऊन पोर्टेबल, म्हणजे दुसऱ्या यंत्रातही वाचता येणारं, आहे का ते आधी बघायचं. त्यापेक्षा कंप्युटरला जोडून कॉपी करणं बरं, जोडल्यावर टॅबवर वरून पट्टी खाली ओढून फाईल ट्रान्स्फर निवडायचं, आणि कंप्युटरला टॅब दिसतच नसेल तर केबल बदलून बघायची, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच. व्हॉट्सॲपवर आलेले कागद डाउनलोडमध्ये नसतात हेही त्याला सांगा, ते अँड्रॉइड नावाच्या फोल्डरमध्ये, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप, असं खोल जाऊन डॉक्युमेंट्समध्ये मिळतील. घराचे कागद, पेन्शनचे कागद, आईचे रिपोर्ट सगळे तिथेच पडलेत, कारण आपण एकमेकांना तिथेच पाठवतो.

बाबा विचारत होते की मी इथे वाचते ती पुस्तकं तुम्हाला का पाठवत नाही. पाठवायला काय, जीव तळमळतो माझा, पण ती लायब्ररीची असतात आणि इथली ती पद्धत नीट सांगते कारण मलाही आधी पटली नव्हती. इथे लायब्ररीतून ई-पुस्तक घरबसल्या टॅबवर घेता येतं पण ते एका वेळी एकालाच मिळतं. म्हणजे बघा, कागद नाही, फाटत नाही, हजार प्रती एका सेकंदात होतील, तरी लायब्ररीने एक परवाना घेतला असेल तर एकच माणूस वाचणार आणि बाकीचे रांगेत. माझा नंबर कितवा ते ॲपमध्ये दिसतं आणि लोक शांतपणे आठवडेच्या आठवडे थांबतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. दोन-तीन आठवडे झाले की पुस्तक आपोआप परत जातं, मध्यावर असलात तरी, म्हणून दंड नावाचा प्रकारच नाही. त्यातून काही परवाने ठरावीक वाचनांनंतर संपतात, हार्पर कॉलिन्सने २०११ मध्ये २६ वेळाची मर्यादा घातली होती, त्यानंतर लायब्ररीने तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यायचं. का, तर कागदी पुस्तक तेवढ्यात झिजतंच असा हिशोब. मी एकीला विचारलं की हे विचित्र नाही वाटत का, ती म्हणाली लेखकाला पैसे मिळायला हवेत ना. तेही खरंच आहे म्हणा. तर ती फाईल माझ्या लायब्ररीच्या कार्डाला बांधलेली असते, तुम्हाला पाठवली तरी उघडणार नाही. मी पाठवायला टाळते असं नाही, बाबा.

आईची क्लाउडची भीती मला कळते. पण गुगलवर १५ जीबी फुकट आहे त्यात लेख आणि पुस्तकं ठेवायला काही हरकत नाही, घराचे आणि बँकेचे कागद तुला नको वाटत असतील तर ते पेन ड्राइव्हवर दोन प्रती, एक घरात आणि एक आत्याकडे. मी जबरदस्ती करत नाहीये. स्टेटमेंटच्या पीडीएफचे पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा, फाईल आली आणि पासवर्ड विसरला तर उपयोग नाही.

आणि जुना टॅब आत्याच्या नातवाला खेळायला द्यायची घाई नको. आधी नव्यावर नेट बंद करून फायली उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणून झालं असं समजू नका, प्रत्येक फोल्डरमधल्या थोड्या तरी उघडा, मोठ्या आधी. माझी युनिकोडची कामं संपेपर्यंत तो कपाटात राहू दे, अधूनमधून चार्ज करून. शेवटी देताना त्यातलं गुगल अकाउंट सेटिंगमधून काढून मगच रीसेट करायचा, नाहीतर पुढच्याला तुमचाच पासवर्ड विचारत बसेल.

हे सगळं मी तिथे असते तर एका रविवारी झालं असतं. मार्चच्या आधी सुट्टी मिळत नाहीये, विचारलं होतं, खरंच विचारलं होतं. आत्या म्हणते "पोरीला आता घरची आठवण येत नाही", तिला सांगा तसं नाहीये.

पैसे पाठवलेत, हप्त्याचे आणि त्यावर थोडे. वरचे आईच्या डोळ्यांसाठी आहेत, ते एफडीत टाकू नका बाबा, मागच्या वेळी तुम्ही तेच केलंत. ऑपरेशनची तारीख घ्या आणि मला कळवा. माझं इथे व्यवस्थित भागतं, मी काटकसर करून पाठवते असं आईला वाटतं तसं काही नाही.

आत्याने सुचवलेल्या स्थळाचा बायोडेटा आला, पीडीएफ पूर्ण वाचली. मी नाही म्हटलेलं नाही. मुलाशी आधी मी स्वतः दोनदा-तीनदा बोलेन आणि मग तुम्ही त्यांच्या घरी काय ते कळवा, तोपर्यंत आत्याला "बघतोय" एवढंच सांगा. परत यायचं की इथेच राहायचं हे त्याच्याशी बोलल्याशिवाय मी लिहून देऊ शकत नाही, आई, रागावू नकोस. आणि माझा जुना बायोडेटा टॅबमध्ये आहे त्यात नोकरीही जुनी आहे आणि "लवकरच भारतात परतणार" असं लिहिलंय, तो पुढे कोणालाही पाठवू नका, नवा आजच मेल केलाय.

फॉन्टचं नाव उद्याच कळवा.

तुमची,
लेक