सर, स्कोअर आम्ही लिहून ठेवतो. तुम्ही आधी बरे व्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास ज्यांनी एकहाती लिहून ठेवला, ते सर गेल्या आठवड्यात घरातच पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सध्या दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, पण ऐंशी उलटलेल्या माणसाला पुन्हा चालतं व्हायला वेळ हा लागणारच. मैदानावर बातमी पसरली तसा जो तो विचारपूस करू लागला. आमच्याशी ज्यांची कायमची खुन्नस, त्या गल्लीतली पोरंसुद्धा विचारून गेली. या सगळ्यांच्या वतीनं सरांना लवकर बरं वाटो, एवढं सांगायला हे पत्र. सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. छापून आलेलं त्यांना खपायचं नाही, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना ते न लिहिताही कळेल.

ज्यांनी सरांच्या वह्या पाहिल्या नाहीत त्यांना थोडं सांगतो. व्यापाऱ्याकडे असतात तसल्या लाल कापडी बांधणीच्या जाड वह्या. डाव्या पानावर पेपरातलं कात्रण, खळीनं चिकटवलेलं. उजव्या पानावर सरांचं बारीक अक्षर: गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला, पास कुणाचा, गोलकीपर कोण, रेफ्री कोण, पाऊस होता की उघडीप. बेळगावच्या पावसात हा शेवटचा रकाना लागतोच. अर्ध्याअधिक मॅचचा निकाल चिखलच लावतो, असं त्यांचं मत आहे. सेल्फ गोल, म्हणजे चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारलेला, लाल शाईनं. त्यापुढं मात्र खेळाडूचं नाव नाही, नुसतं ‘आपलाच’. एकदा कुणीतरी कारण विचारलं तर म्हणाले, उद्या त्याची नातवंडं वही बघतील, त्यांना कशाला कळायला हवं? बाकी कुणालाही सूट नाही. संपादक महाशय, तुमच्या क्रीडा पानावर आमच्या एखाद्या पोराचं आडनाव चुकलं की सर कात्रणावरच पेनानं दुरुस्ती करतात. अशा दुरुस्त्या थोड्याथोडक्या नाहीत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

ऐकीव गोष्टींचा त्यांना भारी राग. चहाच्या गाड्यावर कुणी म्हणालं, की 1950 साली बूट नव्हते म्हणून भारत ब्राझीलच्या वर्ल्ड कपला गेला नाही, की सर कप खाली ठेवायचे. गटातल्या बाकीच्या टीम हटल्यामुळं आपल्याला आयती संधी आली होती, खर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझीलवाले तयार होते. आपल्या फेडरेशनलाच तेव्हा वर्ल्ड कपपेक्षा ऑलिंपिक मोठं वाटत होतं, हे ते शांतपणे समजावून सांगत. मग गाडी हमखास 1948 च्या लंडन ऑलिंपिकवर यायची. निम्म्याहून अधिक खेळाडू अनवाणी, समोर फ्रान्स, दोन पेनल्टी वाया आणि 2-1 नं हार. आपला तो एकमेव गोल म्हैसूरच्या सारंगपाणी रामन यांचा, हे सांगताना आवाज चढायचा. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं 10-1 नं धुतलं, तेही ते सोडत नसत. अनवाणी खेळाचं कौतुक करणाऱ्यानं हा स्कोअरही पाठ करावा, असं त्यांचं म्हणणं.

सीमाप्रश्नावर सरांची मतं ठाम आहेत आणि ती अख्ख्या गावाला ठाऊक आहेत. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, पुढं म्हैसूर राज्यात गेलं, 1973 पासून त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. सरांच्या वहीवर मात्र पहिल्यापासून आजपर्यंत ‘बेळगाव’च. पण 2023 च्या मार्चमध्ये रियाधला कर्नाटकानं मेघालयाला 3-2 नं हरवून राज्यांच्या टीमची संतोष ट्रॉफी जिंकली, तेव्हा तो स्कोअरही त्यांनी त्याच बारीक अक्षरात उतरवून घेतला. कंसात लिहिलं: याआधी 1968-69, म्हैसूर नावानं, 54 वर्षांनी. मुंबईतला जुना रोव्हर्स कप जिंकणारी पहिली भारतीय टीम बंगळूर मुस्लिम्स, साल 1937, हेही आम्हाला शिकवलं ते त्यांनीच. असा माणूस आमच्या गल्लीत आहे याचा आम्हाला माज आहे, आणि तो असावा असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं. दवाखान्यात झुंबड करू नका. परवा आठ-दहा पोरं जर्सी घालून वॉर्डात घुसली आणि सिस्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं, ते बरोबरच केलं. कुंद्याचे डबे नेऊ नका, सरांना शुगर आहे. फोनही नको. त्यांना काय हवंय ते त्यांनी स्वतःच दाखवून दिलं. मॅच संपवून भेटायला गेलेल्या एकानं मोठ्या हौसेनं सांगितलं, ‘सर, दोन-एकनं मारली.’ सरांनी उशीवरून मान वळवून विचारलं, ‘दुसरा गोल कुणाचा?’ सांगता येईना. हा पठ्ठ्या त्या वेळी मोबाईलवर शूटिंग करत होता, आणि त्यात दिसतंय काय, तर पुढच्याचं डोकं!

म्हणून आमच्या आणि त्या खुन्नसवाल्या गल्लीच्या, अशा दोन्ही क्लबांच्या पोरांनी मिळून एक वही घेतली आहे. सर येईपर्यंत प्रत्येक मॅच त्यांच्याच पद्धतीनं लिहायची. किती दिवस टिकेल, देव जाणे. पहिल्याच पानावर रेफ्रीचं नाव राहिलंय. तुम्हालाही एक विनंती आहे. स्थानिक स्पर्धांच्या बातम्यांत नुसता निकाल आणि बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांची यादी येते. त्यातली चार पाहुण्यांची नावं कमी करून गोल मारणाऱ्याचं पूर्ण नाव आणि मिनिट छापा. शाळांच्या स्पर्धांचंही तसंच. सेंट पॉल्सच्या मैदानावरच्या फादर एडी स्पर्धेत आज गोल मारणारं पोर उद्या कुठल्या क्लबात जाईल, याचा माग काढायला सरांना तेवढंच पुरतं.

कुणाच्या माळ्यावर जुन्या स्पर्धांच्या स्मरणिका, टीमचे फोटो असतील तर रद्दीत घालू नका. फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं लिहा, उभे कोण, बसलेले कोण, आणि आमच्याकडं झेरॉक्स द्या.

शनिवारी सेमीफायनल आहे. संध्याकाळी एकच जण पूर्ण स्कोअर लिहून घेऊन सरांकडं जाणार, असं ठरलंय. तो कुठल्या क्लबाचा असावा, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
टिळकवाडी, बेळगाव