परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: करार सहीवर नाही, नाक्यावर मोडतो

माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

आम्ही मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल. अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई, पुणे इथे आमची मोजकी घरे उरली आहेत. भाऊबंद बहुतेक दिमोना, अश्दोद, बीरशेबा, रामला, लोद इथे आहेत. अश्दोदला सायरन झाला की आसरा गाठायला 45 सेकंद मिळतात. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसे मारली गेली, 251 जणांना ओलीस नेले. पुढे गाझात, तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे, 60 हजारांहून जास्त जीव गेले. आम्हाला दोन्हीचे दुःख आहे. युद्ध कसे लढले गेले याविषयी आमच्यात एकमत नाही, पण शेजारी पॅलेस्टाईन नांदल्याशिवाय इस्रायललाही स्वस्थता नाही, असे आम्ही मानतो. 12 सप्टेंबर 2025 रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांत द्विराष्ट्र तोडग्याच्या बाजूने मत दिले, ते आम्हाला योग्य वाटले.

मत देऊन झाले. पुढे काय करता येईल, ते सांगण्यासाठी हे पत्र.

वरच्या निर्णयाची वाट खालच्या खिडकीवर कशी अडते, हे आमच्या समाजाने सोसले आहे. इस्रायलमध्ये आम्ही कायद्याने नागरिक होतो, तरी 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना परिपत्रक काढले: बेने इस्रायल वधू-वरांची वंशावळ जमेल तितकी मागे जाऊन तपासा. नागरिकत्व हातात असून लग्न नोंदवता येईना. धरणे धरली, उपोषणे केली. शेवटी 17 ऑगस्ट 1964 रोजी संसदेने ठराव करून आम्हाला सर्व बाबतींत समान ठरवले, तेव्हा परिपत्रकातून आमचे नाव निघाले.

गाझाच्या सीमेवर हेच घडत आले आहे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्रशासन यांच्यातला 15 नोव्हेंबर 2005 चा ये-जा करार पाहा. गाझातून निर्यातीचे रोज 150 ट्रक त्या वर्षअखेरपर्यंत आणि 400 ट्रक 2006 च्या अखेरीपर्यंत सोडायचे, असे त्यात आकड्यानिशी लिहिले होते. प्रत्यक्षात वाहतूक त्याच्या जवळपासही गेली नाही. याची कारणे दोन्हीकडे आहेत. कराराच्याच वर्षी, 2005 च्या जानेवारीत, गाझाच्या कार्नी मालनाक्यावर स्फोट करून सहा इस्रायलींना मारले होते. नाक्यावरच्या पहारेकऱ्याला प्रत्येक पेटीची भीती वाटत असेल, तर ती उगाच नाही.

पण युद्धापूर्वी निर्यातीच्या तपासणीची रीत अशी होती की मालही मरायचा आणि भीतीही जात नसे. एका बाजूचा ट्रक यायचा, पॅलेट म्हणजे माल रचलेली लाकडी चौकट उतरवून मोकळ्या पटांगणात मांडायचे, तपासायचे, मग पलीकडचा ट्रक तीच पॅलेट उचलायचा. स्कॅनरला आरपार दिसावे म्हणून ती उंच रचू देत नसत. त्यामुळे ट्रक अर्धा रिकामा जायचा आणि भाडे मात्र पूर्ण द्यावे लागायचे. गाझाच्या निर्यातीत स्ट्रॉबेरी, चेरी टोमॅटो असा माल असायचा. पटांगणात ऊन लागले की स्ट्रॉबेरीच्या पेटीत तळची फळे पाणी सोडतात आणि भाव तिथेच पडतो. 2013 मध्ये नेदरलँड्सने गाझाच्या दक्षिणेकडच्या केरेम शालोम मालनाक्याला कंटेनर स्कॅनर दिला. यंत्र आले, पण गाझाचा माल वेस्ट बँकेत, म्हणजे दुसऱ्या पॅलेस्टिनी भागात, जाऊ द्यायचा की नाही यावर वाद झाला आणि उद्घाटनाचा समारंभ रद्द करावा लागला. यंत्र पुरवणारे पुष्कळ मिळतील. नियम कोणता आणि तो कोण पाळून घेणार, हे मात्र आधी ठरले पाहिजे.

ऑक्टोबर 2025 मध्ये झालेल्या युद्धविरामात मोजणीचेच भांडण आहे. रोज 600 ट्रक मदत जावी असे ठरले, पण ट्रक म्हणजे किती माल? युद्धाच्या काळात तपासणीसाठी अर्धवट भरलेला ट्रक इस्रायली यंत्रणेच्या हिशेबात एक धरला जायचा. नाक्याच्या आत तोच माल दुसऱ्या ट्रकवर पूर्ण भरला, की संयुक्त राष्ट्रे तो मोजायची. अशाने दोघांचे आकडे जुळणे शक्यच नव्हते, आणि दोन्हीकडचे लोक समोरच्याला खोटारडा म्हणत राहिले. आमची पहिली विनंती ही: मोजणी टनांत व्हावी, मालाच्या प्रकारानुसार रोज जाहीर व्हावी, आणि दोन्ही पक्ष मान्य करतील तर तिथे भारतीय कस्टम्सचे अधिकारी बसावेत. आमच्याच रायगड जिल्ह्यात, उरणजवळ, न्हावा-शेवाला कंटेनर स्कॅन करण्याचा मोठा अनुभव आहे. सुरक्षा परिषदेच्या 17 नोव्हेंबर 2025 च्या ठरावाने गाझात आंतरराष्ट्रीय दलाला वाट दिली आहे. भारताने बंदुका पाठवाव्यात असे आम्ही म्हणत नाही. वजनकाटा आणि नोंदवही सांभाळणारी माणसे पाठवावीत.

सिमेंटचा प्रश्न याहून अवघड. 2014 च्या युद्धानंतर सिमेंटच्या पोत्यापोत्याची नोंद ठेवणारी व्यवस्था केली. तरी काळाबाजार झाला, माल वळवला गेला, आणि एप्रिल 2016 मध्ये इस्रायलने खासगी बांधकामाचे सिमेंट काही आठवडे बंद केले. शिक्षा भोगली ती घर बांधायला निघालेल्याने. हमासने बोगद्यांत काँक्रीट ओतले, हे खरे आहे आणि ते विसरून चालणार नाही. म्हणून कोरडे पोते घरोघर वाटण्याऐवजी तयार मिश्रण थेट कामावर ओतावे, आणि पाया, स्लॅब अशा प्रत्येक टप्प्यावर झालेले काम मोजूनच पुढचा माल सोडावा. बंदी घातलेल्या वस्तूंची यादी कारणासह छापावी आणि परवान्याला किती दिवसांत उत्तर द्यायचे, तेही बांधून द्यावे. नकार आला तर निदान दुसरी सोय पाहता येते. उत्तरच आले नाही तर माणूस नुसता खोळंबतो.

वेस्ट बँकेविषयी थोडक्यात. 1994 च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनी आयातीवरचे कर इस्रायल गोळा करते आणि तीन टक्के शुल्क कापून पॅलेस्टिनी प्रशासनाला देते. प्रशासनाच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग यातून येतो. 2025 च्या मेपासून ही रक्कम पूर्ण अडवली गेली. शिक्षक आणि पोलीस अर्ध्या पगारावर राहिले, तर वस्तीतला बंदोबस्त कोण करणार? इस्रायलशी आपले संबंध घट्ट आहेत, म्हणून हे तोंडावर स्पष्ट बोलण्याचा अधिकार भारताला आहे.

आणखी एक विषय, भारत आणि इस्रायल यांच्यातल्या मजुरांच्या कराराचा. युद्धापूर्वी वेस्ट बँकेतले सुमारे दीड लाख आणि गाझातले 18 हजारांच्या आसपास लोक इस्रायली मालकांकडे कामाला होते. ते परवाने थांबले आणि सेंटरिंग, लोखंड बांधणी, प्लास्टर, टाइल्सच्या कामांवर भारतीय मजूर गेले. मजूर पाठवण्याची बोलणी युद्धाआधीच सुरू होती हे आम्ही जाणतो, आणि आपल्या मजुरांच्या पोटावर पाय यावा असे कोणाला वाटेल? तरीही पुढच्या करारात दोन कलमे घालावीत. तपासून परवाने देण्याची व्यवस्था पुन्हा सुरू झाली की पॅलेस्टिनी कामगारांचा ठरावीक हिस्सा राखला जावा. आणि भारतीय मजुराच्या कामाची जागा सीमेपासून किती दूर असेल, आसरा किती सेकंदांच्या अंतरावर असेल, हे त्याच्या नेमणूकपत्रात त्याला समजेल अशा भाषेत लिहिलेले असावे.

मुंबईतल्या आमच्या सर्वांत जुन्या प्रार्थनास्थळाला, 1796 च्या शाअर हारहमीमला, आजही जुनी मशीद म्हणतात. मुसलमान शेजाऱ्यांमध्ये आम्ही पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त राहिलो. आपले अधिकारी तेल अवीव आणि रामल्ला, दोन्हीकडे बसतात. वर मांडलेल्या प्रत्येक मुद्द्यावर दोन्ही कचेऱ्यांनी एकच टिपण घेऊन बोलावे, ही आमची कळकळीची विनंती.

आपले,
महाराष्ट्रातील काही बेने इस्रायल कुटुंबे