कानाला लागलेला चकवा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात माझा भाचा विमानाने येत होता, चाकं टेकायला जरासंच बाकी आणि विमान जोर करून परत वर, मग अर्ध्या तासाने नीट उतरलं. त्याने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तर लगेच सुरू, "पायलट झोपेल होता का भो?" तुम्ही पेपरवालेही असल्या वेळी 'प्रवासी थोडक्यात बचावले' छापून मोकळे होता. अहो, लँडिंग नीट बसत नाही असं वाटलं की परत वर जायचं ही त्याची ड्युटीच आहे, गो-अराउंड म्हणतात त्याला. मी भुसावळचा रिटायर्ड लोको पायलट, तेव्हा नावापुरता का होईना पायलटच, म्हणून बोलतो.

खरी भानगड वर जाताना असते. भुसावळ-जळगाव एसटीत अर्धी भरलेली पाण्याची बाटली हातात उभी धरून बघा, ड्रायव्हरने पिकअप घेतला की पाणी मागच्या बाजूला चढतं, जशी काही बाटलीच मागे कलली. आपल्या कानातही आत जेलीसारख्या थरावर चुन्याचे बारीक कण असतात, डोकं मागे गेलं तरी ते मागे सरकतात आणि नुसता वेग वाढला तरी मागेच, कानाला फरक कळत नाही. दिवसा डोळे सांभाळून घेतात. पण रात्र, समोर काळा समुद्र नाहीतर ढग, इंधन जळून विमान हलकं झालेलं आणि त्यात फुल पॉवर, म्हणजे कान ओरडतो की विमानाचं नाक फारच वर गेलं, आणि हात आपोआप नाक खाली दाबतो. दाबलं की वेग अजून वाढतो, म्हणजे कान अजूनच खोटं बोलतो.

आमची आजी सांगायची, रात्री शेतात चकवा लागला की माणूस त्याच बांधाला फिरत राहतो, उजाडेपर्यंत गपचूप बसायचं. पायलटने कुठे बसायचं?

23 ऑगस्ट 2000 ला बहरीनला गल्फ एअरचं ए320 विमान असंच रात्री लँडिंग सोडून वर निघालं, समोर अंधारा समुद्र, कॅप्टनने साधारण 11 सेकंद नाक खाली दाबून धरलं, 143 माणसं गेली. चौकशीत हा कानाचा भासही कारणांत निघाला. 2016 ला रशियात रोस्तोवला फ्लायदुबईचं विमान, 62 जण, तिथेही रात्र आणि गो-अराउंडच.

आणि प्रॅक्टिस करून हा भास जात नाही बरं का. शेजारच्या लाइनची गाडी हलली की आपलीच सुटली असं मला अजूनही वाटतं, आख्खी नोकरी इंजिनात काढून. पायलटला जमिनीवर शिकवायचं नकली विमान, म्हणजे सिम्युलेटर, त्याची तर गंमतच, वेग वाढल्यासारखं वाटावं म्हणून ते केबिनच मागे कलवतात, म्हणजे त्याच कानाला तोच चकवा, फक्त उलटीकडून!

उपाय एकच, कान काहीही सांगो, समोरच्या मीटरवर नाक किती वर आहे तेच खरं मानायचं. भाच्याच्या विमानात त्या दोघांनी तेच केलं असणार. पुढच्या बातमीत तेवढं एक वाक्य टाका ना.

— एक रिटायर्ड लोको पायलट, भुसावळ