‘रोबोकॉप’ कोणत्या वयात दाखवावा?

माननीय संपादक,

सुट्टी लागली की पुरवण्यांमध्ये घरी पाहण्याजोग्या जुन्या चित्रपटांच्या याद्या येतात. अशा यादीत पॉल व्हरहोवन यांचा १९८७चा, यंत्रमानव झालेल्या पोलिसाची गोष्ट सांगणारा ‘रोबोकॉप’ आला, तर नुसते ‘क्लासिक’ म्हणून पुढे जाऊ नये. या चित्रपटावर १९८८मध्ये मुलांसाठी कार्टून मालिका निघाली, खेळणी निघाली. शिवाय २०१४चा नवा ‘रोबोकॉप’ बराच सौम्य आहे. त्यामुळे पालकांची हमखास गफलत होते.

मूळ चित्रपटाला अमेरिकेत आधी ‘एक्स’ (फक्त प्रौढांसाठी) श्रेणी मिळाली होती. पुन्हा पुन्हा काटछाट केल्यावर ‘आर’ (सतराच्या आतल्यांनी पालकांसोबतच पाहावा) मिळाली आणि ती कापलेली प्रत थिएटरांत लागली. आज दोन्ही प्रती मिळतात आणि लांबीत फरक जेमतेम मिनिटाभराचा, म्हणून वेळ पाहून ओळखता येत नाही. ‘डायरेक्टर्स कट’ किंवा ‘अनरेटेड’ (म्हणजे न कापलेली प्रत) असे लिहिले आहे का, ते पाहावे. तेही नसेल तर पोलिसी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या बैठकीचा प्रसंग लावून बघा. तिथे दाखवायला आणलेले यंत्र कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याला पिस्तूल टाकायला सांगते, तो टाकतो, यंत्राला ते कळतच नाही. तो कोसळल्यावरही गोळ्या बराच वेळ चालूच राहिल्या, तर प्रत न कापलेली आहे.

दुसरा कठीण प्रसंग मर्फीच्या हत्येचा. मर्फी म्हणजे ज्याचा पुढे रोबोकॉप होतो तो पोलीस. आधी हात उडवतात, मग टोळी चहूबाजूंनी गोळ्या झाडते, आणि हे सगळे हसत-खिदळत. मला रक्तापेक्षा ते हसणे जास्त घातक वाटते. तेरा वर्षांचे मूल एकतर घाबरते किंवा त्यांच्याबरोबर हसते. सोळाव्या वर्षी ‘हे का हसतात?’ हा प्रश्न पडू शकतो. हे दोन्ही प्रसंग पहिल्या अर्ध्या तासातच येतात. मूल बिथरले म्हणून तिथेच टीव्ही बंद केला, तर त्याच्या पदरी फक्त क्रौर्य पडते. रिकाम्या, विकायला काढलेल्या घरात फिरताना मर्फीला बायको-मुलगा आठवतात, तो चित्रपटाचा गाभा त्याला दिसतच नाही. म्हणून पालकांनी आधी एकट्याने पूर्ण चित्रपट पाहावा. वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबू नये. तेव्हा केबलवर पाहिलेली प्रत कापलेली असू शकते.

गल्लीत दोघे एका स्त्रीवर हल्ला करतात, तो प्रसंग पटकन संपतो आणि पालकांच्या लक्षातही राहत नाही. मुलींना मात्र तोच सर्वांत जास्त खुपू शकतो. ती रोबोकॉपला बिलगते आणि तो यंत्राच्या सुरात मदतकेंद्राला कळवतो, एवढेच. यावर बोलायची तयारी हवी. कोकेन आणि थोडी नग्नताही आहे. शेवटाकडे विषारी रसायनात वितळलेला माणूस गाडीखाली येतो, तो किळसवाणा आहे खरा, पण मनात रुतून बसतो तो मर्फीचाच प्रसंग.

श्रेणीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडे १९८३पूर्वी ‘यू’ आणि ‘ए’ या दोनच मुख्य श्रेण्या होत्या, मग ‘यूए’ आली. ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे तर २०२३च्या कायदादुरुस्तीने आले. ओटीटीवरची वयाची खूण प्लॅटफॉर्म स्वतःच लावतो. तिथे ‘१३+’ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप देणे २०२१च्या नियमांनी बंधनकारक आहे. पण ते घरी कोणीतरी लावावे लागते. थोरल्यासाठी उघडलेले प्रोफाइल धाकट्याच्या हाती पडते, ते इथेच.

माझ्या मते ‘रोबोकॉप’ सोळाच्या आत नको. सोळानंतरही थिएटरची प्रत, आणि पालक शेजारी. चित्रपटातच मधेमधे येणाऱ्या खोट्या बातम्या आणि जाहिराती पुढे ढकलू नका. कुटुंब हौसेने अणुयुद्धाचा खेळ खेळते, ती जाहिरात पाहिली की दिग्दर्शक कोणाला झोडपतो आहे हे मुलांना आपोआप उमगते.

पुरवणीतल्या यादीत प्रत्येक जुन्या चित्रपटापुढे प्रत कोणती, श्रेणी कोणती आणि हिंसा कशा प्रकारची, एवढे छापावे ही विनंती. दोन ओळींत मावते.

— एक वाचक, पुणे