वैशूला, विमानातल्या पडद्याविषयी

ठाणे,
रविवार

प्रिय वैशू,

तुझा मेसेज वाचला. फोनच लावणार होते, पण यातलं बरंचसं फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून सरळ लिहायला बसले.

निनादने माइल्स, म्हणजे विमान कंपनीकडे साठलेले पॉइंट, वापरून तुझी आणि यजमानांची लंडनची बिझनेस क्लासची तिकिटं काढली आणि त्याच विमानात कुंदाताई एकट्या मागे, इकॉनॉमीत. "नणंद मागे अवघडून बसणार आणि मी पुढे पाय पसरून, हे मला जमायचं नाही, मीही मागेच बसते" असं तू म्हणतेस. तुझ्या मनात हे आलं याचं मला फार बरं वाटलं. तरी सांगते, तू पुढेच बस. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही तुझं. इकॉनॉमीत एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत साधारण ३०-३२ इंच असतात, काही कंपन्यांत त्याहूनही कमी. त्यात तुझी पाठ आली, मांड्या आल्या आणि पुढच्याने सीट मागे केली की तीही आली. बिझनेसमध्ये सीट आडवी होऊन सहा फुटांची गादी होते. मुंबई ते लंडन साडेनऊ-दहा तास लागतात. जेवण चिनी मातीच्या ताटलीत येतं, ज्यूस आधी मिळतो, ते सगळं सोडून दे. खरे पैसे असतात ते आडवं होता येण्याचे, आणि ती तुझी गरज आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. पुढचे लोक मागच्यांना खरंच कमी लेखतात का, आणि मागचे पुढच्यांचा राग राग करतात का? एअर होस्टेस म्हणून इतकी वर्षं विमानाच्या दारात उभी राहून, ट्रॉल्या ढकलून मला जे दिसलं ते सांगते. घरून निघताना कोणी कोणाला कमी लेखायचं ठरवून निघत नाही. आपण चढवतो तसं, बसवतो तसं माणूस वागायला लागतो.

लहान विमानाचं बोर्डिंग आठव. बिझनेसचे आठ-बारा जण आधी येतात, बसतात, त्यांच्या हातात गार टॉवेल आणि ग्लास येतो. मग बाकीच्या दीडशे जणांची रांग त्यांच्या मधूनच आत जाते. आणि ती नेमकी तिथेच तुंबते, कारण पंधराव्या-सोळाव्या रांगेत कोणीतरी वर बॅग कोंबत असतं. कडेवर मूल, खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात खाऊची पिशवी अशी एखादी बाई पुढच्या सीटच्या अगदी हाताशी थांबून राहते. बसलेला माणूस मोबाइलमध्ये मान घालतो, कारण वर बघितलं तर नजरेला नजर भिडणार. ती त्या रुंद सीटकडे आणि घडी करून ठेवलेल्या दुलईकडे बघते आणि चटकन मान वळवते. त्याला वाटतं, ही टक लावून बघते आहे. तिला वाटतं, हा आपल्याला टाळतो आहे. दोघांनीही काहीच केलेलं नसतं, पण दोन मिनिटांत मन कडवट होऊन जातं. मी दारात उभी राहून हे बघायचे आणि मला त्या दोघांचंही वाईट वाटायचं. मोठ्या विमानात दोन दारं वापरतात, बिझनेसवाले पुढच्या दाराने, बाकीचे त्याच्या मागच्या. तिथे हा प्रकार खूप कमी होतो.

यावर अभ्यासही झालेला आहे. टोरांटो विद्यापीठाच्या कॅथरीन डिसेल्स आणि हार्वर्डचे मायकल नॉर्टन यांनी एका मोठ्या विमान कंपनीच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या विमानात फर्स्ट क्लास आहे, तिथे इकॉनॉमीतल्या आरडाओरड्याच्या, भांडणाच्या घटना जवळपास चौपट सापडल्या. आणि सगळ्यांना पुढच्या दाराने, फर्स्ट क्लासमधून चालवत नेलं, की त्या आणखी वाढतात. मागच्यांच्याच वाढतात असं नाही, पुढचेही जास्त उर्मट होतात. दाराबद्दलच्या त्या आकड्यांवर पुढे संख्याशास्त्राच्या लोकांनी आक्षेप घेतले, हेही तुला सांगायला हवं. नेमकं किती पट, ते त्यांनी ठरवावं. माझ्या दाराशी जे घडायचं त्याच्याशी ते जुळतं, एवढंच मी म्हणेन.

मला जास्त टोचलं ते वेगळंच. मागच्यांचा राग पुढे जात नाही गं. बिझनेस आणि इकॉनॉमीच्या मधल्या पडद्यापलीकडच्या माणसाला कोण जाऊन बोलणार? तो शेजारच्यावर निघतो.

आखाताच्या फ्लाइट आठवल्या की अजून पोटात तुटतं. मुंबईहून रात्री निघणारी विमानं, निम्म्याहून जास्त मुलं पहिल्यांदाच कामाला निघालेली. प्लास्टिकच्या फाइलमध्ये पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद, ती फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. एकदा असाच एक मुलगा खिडकीशी बसला होता, वीस-एकवीस वर्षांचा. पट्टा कसा लावायचा ते त्याला कळेना. शेजारी आपल्याकडचाच एक कंपनीत नोकरी करणारा माणूस, लॅपटॉप उघडून बसलेला. तो बघत होता, पण हात पुढे केला नाही. वर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, मला दुसरीकडे बसवता का. त्या मुलाला इंग्रजी येत नसेल, पण ते वाक्य कळायला इंग्रजी लागत नाही. तो आणखी खिडकीकडे सरकला. मी पट्टा लावून दिला, पाणी हवं का विचारलं, तर नको म्हणाला. उशिरा लक्षात आलं, पाण्याचे पैसे पडतील असं त्याला वाटलं होतं. मग मी दोन ग्लास ठेवून आले आणि "तिकिटातच आहे हे" असं सांगितलं, तेव्हा एका दमात दोन्ही प्यायला.

तो लॅपटॉपवाला पुढे बसलेल्यांवर चिडलेला असणार, अशी माझी खात्री आहे. बोर्डिंगला त्याने पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं होतं. आपल्याला पुढे बसता येत नाही, तर निदान आपण यांच्यातले नाही हे तरी दिसू दे, असं काहीतरी. लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये कोणी चुकून चढलं की सगळा डबा कसा एकदम तिकीट तपासनीस होतो, तसंच.

पुढच्यांचंही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. रोजच्या प्रवासातली माणसं सहसा कोणाला काही बोलत नाहीत, जेवतात आणि झोपतात. एक डॉक्टर मला कायम लक्षात आहेत. मागे एका आजोबांना छातीत दुखायला लागलं, आम्ही घोषणा केली, तर हे पुढून झोपेतून उठून आले. तपासलं, गोळी दिली आणि मग परत गेलेच नाहीत. आजोबांच्या पायाशी आयलमध्येच, म्हणजे सीटांमधल्या वाटेत, बसून राहिले, उतरेपर्यंत. कपडे चुरगळले, जेवण राहिलं. आम्ही दोनदा म्हटलं, सर, आम्ही लक्ष ठेवतो. मानेनेच नको म्हणाले.

आणि त्याच पडद्यातून येणारं दुसरं जोडपंही आठवतं. पुढे आईवडील, मागे एक्केचाळिसाव्या रांगेत मधल्या सीटवर मूल सांभाळणारी ताई. सावंतवाडीकडची. लंडनला थंडी म्हणून त्यांनी तिला नवा कोट घेऊन दिला होता, तो तिने विमानातही अंगातून काढला नव्हता. मूल दीड वर्षाचं, रात्रभर किरकिरत होतं. रडलं की वडील पडदा सारून त्याला मागे आणून तिच्या मांडीवर देत, शांत झालं की पुढे नेत, पुन्हा रडलं की पुन्हा मागे. असं चाललं होतं. मूल मांडीवर, त्यामुळे समोरचं टेबल उघडता येईना, जेवणाचा ट्रे तसाच परत गेला. शेवटी मी मुलाला घेऊन गॅलीत, म्हणजे आमच्या छोट्या स्वयंपाकघरात, उभी राहिले आणि तिला तिथेच उभ्याने वरणभात खायला लावला. किती भराभर जेवली ती! मी त्या वडिलांना म्हटलं, यांना जरा झोपू द्या. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "त्यांना सवय आहे." माणसं वाईट नव्हती वैशू. कोट घेऊन देणारी माणसं होती. पण ती जेवली का, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, कारण पडद्यामागचं त्यांना दिसतच नव्हतं. मला त्या पडद्याची चीड आहे ती याच्यासाठी. मोठ्या सीटबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याला परवडते त्याने घ्यावी, त्या तिकिटांतून कंपनीला पैसाही चांगला मिळतो.

२००९ मधली ती धमाल तुला आठवत असेल. सरकारने काटकसर काढली, मोठमोठे नेते इकॉनॉमीने गेले आणि त्याच्या बातम्या झाल्या. त्यातच शशी थरूर मंत्री असताना ट्विटरवर इकॉनॉमीच्या प्रवासाबद्दल काहीतरी लिहून गेले आणि गदारोळ झाला. सगळे थरूरांवर तुटून पडले. मला मात्र त्या बातम्याच जास्त लागल्या. इकॉनॉमीत बसणं हा त्याग कसा काय? त्यांच्या शेजारी जी बाई बसली होती, तिने ते तिकीट वर्षभर पैसे बाजूला टाकून काढलं असेल. लेकीच्या बाळंतपणाला निघाली असेल. तिच्यासाठी तो आयुष्यातला मोठा दिवस.

आणि ही मागची जागा आहे म्हणून तर आपल्यासारखे उडायला लागले. १९५२ मध्ये अटलांटिकवरून स्वस्त टुरिस्ट क्लास सुरू झाला, तोवर आंतरराष्ट्रीय विमान म्हणजे पैसेवाल्यांचं काम. आपल्याकडे २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने सगळं विमानच इकॉनॉमी केलं. २००६ मध्ये इंडिगो आली, तीही तशीच. मला ते विमान फार आवडायचं, एक प्रवासी म्हणून सांगते. कारखानदार आणि त्याच्याकडचा फिटर एकाच रांगेत, पाण्याची बाटली सगळ्यांनाच मागून घ्यायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच इंडिगोने दिल्ली-मुंबईला पुढे बारा मोठ्या सीटा आणल्या. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल. मला वाईट वाटलं.

एक गोष्ट मी नव्या मुलींना ट्रेनिंगमध्ये मुद्दाम सांगायचे. टेकऑफला आणि लँडिंगला पडदा उघडाच हवा. क्रूला शेवटपर्यंत दिसलं पाहिजे आणि लोकांना बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे, हा सुरक्षेचा नियम आहे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण मोठ्या विमानातले ३७९ जण, सगळेच्या सगळे, बाहेर पडले. आठ दारांपैकी वापरता आली फक्त तीन. आधी कोण, याचं उत्तर तिथे एकच होतं, जो दाराजवळ आहे तो. बॅगा बहुतेकांनी आतच सोडल्या. ती बातमी ऐकून मी रडले होते. आम्ही आयुष्यभर ज्याची उजळणी करतो ते त्या पोरींनी धुरात करून दाखवलं.

असो. कुंदाताईंचं काय करायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे, हे तिकिटाचं त्यांना आत्ताच सांग, तुझ्या तोंडून. एअरपोर्टवर रांगा वेगळ्या झाल्यावर त्यांना कळलं तर ते मनात बसेल. निनादच्या माइल्समध्ये दोनच तिकिटं बसत होती, हे खरं कारण आहे, तेच सांग. गुडघ्याचा आडोसा घेऊ नकोस. शक्य असेल तर निनादला म्हण, थोडे पैसे भरून त्यांना जास्त पाय पसरता येणारी आयलची सीट घेऊन दे, दाराजवळच्या रांगेतली नको, तिथे बसणाऱ्याला आणीबाणीत दारापाशी मदत करावी लागू शकते. एअरपोर्टवरच्या बिझनेसवाल्यांच्या लाउंजमध्ये एखादा पाहुणा नेता येतो का, तेही विचारायला सांग. येत नसेल तर तुम्हीही जाऊ नका, तिघं बाहेर बसून कॉफी प्या.

विमानात तू पुढे गेल्यावर त्यांना पुढे बोलावू नकोस. क्रू बसू देणार नाही आणि सगळ्यांदेखत परत पाठवलं तर फार लागतं. तू मागे जा. जेवणं झाली, दिवे मंद झाले, की चालत मागे जायचं. तुझ्या गुडघ्यालाही चालणं हवंच आहे. शेजारची सीट रिकामी असेल तर तास-दीड तास गप्पा मार, नसेल तर मागच्या गॅलीपाशी दोघी उभ्या राहा, पट्ट्याची खूण लागेपर्यंत कोणी काही म्हणत नाही. पण पुढचं चॉकलेट, पुढचा खाऊ असलं काही हातात घेऊन जाऊ नकोस. तुझ्या मनात प्रेमच असेल, पण कुंदाताईंना मी ओळखते, त्या ते घेऊन पर्समध्ये ठेवतील आणि खाणार नाहीत. त्यापेक्षा घरचे लाडू तुझ्या हातातल्या बॅगेत ठेव आणि दोघी मिळून खा. यजमानांनाही एक फेरी मारायला लाव. भाऊ बघायला आला की बहिणीला बरं वाटतं.

उतरल्यावर दाराबाहेर बाजूला थांबा. पुढे उतरलेले लोक सरळ इमिग्रेशनकडे पळतात, मागच्यांना यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एकट्या बाईमाणसाला चालताना सुचत नाही. व्हीलचेअर सांगितली असेल, तर तिच्याबरोबर कुंदाताईंनाही ठेवा असं तिथल्या माणसाला आधीच सांग.

विमान कुठलं आहे आणि सीट नंबर काय, ते निनादला मला पाठवायला सांग. मग तुमच्या तिघांची सीट कुठे येते, टॉयलेट किती लांब, ते मी नकाशावर बघून कळवते. पायात घालायचे घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घे, दोन जोड घे, एक कुंदाताईंना. त्यांना मागे त्यांची जास्त गरज आहे.

तुझी,
माधवी